ओल्या बर्फात भिजलेली सतरंजी

मित्रांनो, मी जुनी आहे हे मुद्दाम सांगायला नको. माझ्या कडा उसवल्या आहेत, एका टोकाच्या गाठी सुटून दोरे लोंबत आहेत आणि कुणी जोरात झटकले तर अजूनही माझ्यातून लाकडाचा भुसा पडतो. मी चिंध्यांची सतरंजी आहे. जमिनीवर पडून राहणे हे माझे काम. त्यामुळे माणसांची तोंडे मला फारशी दिसत नाहीत. मी माणसे ओळखते ती तळपायांवरून, आणि खरे सांगायचे तर त्यात माझे काही अडले नाही. तोंडाला गोड बोलता येते, तळपायाला येत नाही.

माझा जन्म स्वीडनच्या पार उत्तरेला, ग्रानलिडेन नावाच्या एका लहान गावात झाला. तिथे लाकूड कापायची गिरणी होती. ती बंद पडली आणि केंट नावाचा गडी घरी बसला. त्याची पाठ आधीच कामातून गेलेली, त्यात हाताला काम नाही. गावात विणकामाची एक सामायिक खोली होती. चार माग आणि चारही मागांवर बायका. एके दिवशी केंट गेला आणि रिकाम्या झालेल्या मागावर जाऊन बसला. बायकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. एक म्हणाली, "केंट, एवढं झालं की भरतकामही शिकवू हं तुला." तो मान खाली घालून फणी ठोकत राहिला.

मला विणण्यासाठी त्याने घरातले जुने कपडे फाडले. गिरणीत घालायचे त्याचे चौकडीचे सदरे, विटलेले पलंगपोस, मुलीच्या गुडघ्यावर फाटलेल्या विजारी आणि बायकोचे निळे झगे. बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती. ते झगे फाडताना त्याचे हात पुन्हा पुन्हा थांबत. "कपाटात लोंबत राहण्यापेक्षा पोरीच्या पायाला ऊब देतील," असे तो म्हणाला, आणि त्या दिवशी मात्र खोलीत कुणीही त्याची चेष्टा केली नाही.

ती पोर म्हणजे योना. माझ्यावर रांगायचे तिचे वय सरले होते, पण पुढचे सारे बालपण तिने माझ्यावरच काढले. गावातली आगगाडी ती जन्मण्याआधीच बंद झाली होती. नुसते रूळ झाडीत गंजत पडले होते. त्यामुळेच की काय, तिला आगगाडीचे विलक्षण वेड. माझे पट्टे म्हणजे तिचे रूळ. त्यांवरून लाकडी डबे फिरवताना ती तोंडाने शिट्टी वाजवी आणि केंटला सक्तीने प्रवासी व्हावे लागे.

आमच्याकडे सतरंज्या पाण्याने धुण्याचे दिवस वेगळे आणि बर्फाने धुण्याचे वेगळे. कडाक्याची थंडी पडली आणि अंगणातला बर्फ साखरेसारखा कोरडा झाला की मला तिथे उपडी टाकत. वर बर्फ पसरत, खराट्याने घासत, वेताच्या पंज्याने बडवत, मग उलटी करून पुन्हा तेच. सगळी धूळ बर्फात उतरे. मला उचलून झटकले की मी कोरडी ठणठणीत, पाण्याचा थेंब नाही. वर्षातून एवढाच दिवस मी आकाश बघत असे. कुंपणावर वाळत घातलेल्या मला पाहून येणारीजाणारी म्हणे, "केंटची सतरंजी आपल्यापेक्षा सरळ विणलीय गं बाई." हे ऐकून मला अभिमान वाटे, खोटे कशाला सांगू.

योना एकवीस वर्षांची झाली आणि तिला स्टॉकहोमला, भुयारी रेल्वेवर चालक म्हणून घेतल्याचे कळले. आधी शिक्षण, मग वसंत ऋतूपर्यंत उमेदवारी, आणि त्यात टिकली तर कायम. त्या संध्याकाळी ती माझ्यावर लहान मुलासारखी नाचली. केंटने मला गुंडाळले, दोरीने आवळले आणि तिच्या सामानावर ठेवले. "खोलीत पलंग असेल नसेल, जमीन तर असेलच," तो म्हणाला. एवढ्या बोलण्यात तिच्या जाण्याबद्दल त्याला जे म्हणायचे होते ते म्हणून झाले होते.

जमीन होती, पण तीही चोरून. स्टॉकहोममध्ये भाड्याच्या घरासाठी रांगेत नाव घालावे लागते, आणि माणसे तरुणपणी नाव घालून केस पिकायला लागेपर्यंत वाट पाहतात. ज्याला घर मिळाले तो ते दातांनी धरून ठेवतो. स्टेलान नावाच्या माणसाला असे एक घर मिळाले होते, दक्षिणेकडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि चुलीपुरती जागा. तो स्वतः मैत्रिणीकडे राहू लागला आणि घरमालकाच्या नकळत त्याने ती खोली योनाला दिली. स्वतः भरायचा त्याच्या दुप्पट भाडे तो हातात घेत असे. योनाच्या पगारातून त्यानंतर काही धड शिल्लक राहत नसे.

पहिल्या दिवशी बूट न काढताच तो माझ्यावर उभा राहिला. आमच्या देशात घरात बूट काढतात, हे तुम्हाला सांगितले म्हणजे हा माणूस कसा होता ते कळेल.

"दारावर माझंच नाव राहील," तो म्हणाला. "कुणी विचारलंच तर तू माझी मावसबहीण, चार दिवस राहायला आलीस. आणि तळघरात कपडे धुवायला अजिबात जायचं नाही. तिथंच सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात."

योनाने ओठ किंचित उघडून हवा आत ओढली. उत्तरेत आम्ही तोंडाने 'हो' फारसे म्हणत नाही; असा आत ओढलेला श्वास म्हणजेच होकार.

मग सुरू झाले आमचे दिवस. योना जिन्यावरून मोज्यांनी ये-जा करी, हातात बूट घेऊन, म्हणजे पावले वाजायला नकोत. कपडे ती तसराळ्यात धुई आणि खुर्चीच्या पाठीवर वाळवी. जेवण म्हणजे शेवया आणि टोमॅटोची चटणी, नाहीतर ओटची पेज. गावाकडून आणलेला चीजचा गोळा तिने जपून वापरला. आमच्याकडे त्याचे तुकडे कॉफीत टाकून खातात. तो संपला त्या दिवशी तिने रिकामा कागद बराच वेळ हुंगला. तिचे वजन घटत होते. हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती, रोज माझ्यावरच तर ती बसत होती.

पण एक सांगते, ती दुःखी नव्हती. संध्याकाळी माझ्यावर मांडी घालून ती सिग्नल पाठ करी. माझ्या एका पट्ट्यावर कप ठेवायची, तो थांबा. दुसऱ्यावर चमचा, तो वळणाचा रूळ. चुकली की स्वतःलाच रागवायची. शिकवणारे तिच्यावर खूश होते आणि गाडी थांबवण्यात तिचा हात चांगला आहे असे म्हणत. हे ती फोनवर केंटला सांगे. बाकीचे, म्हणजे मोज्यांनी जिना उतरण्याचे आणि पेजेचे, ती सांगत नसे.

माघातल्या थंडीत केंटने कळवले की तो तिला भेटायला येणार आहे. दक्षिणेकडे तो जन्मात कधी आला नव्हता. योनाने लगेच खोली आवरायला घेतली. खिडक्या पुसल्या, चूल घासली. मग तिची नजर माझ्यावर पडली. मी काळीकुट्ट झाले होते, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ आणि खडी माझ्या कडेला काढून ठेवलेल्या तिच्या बुटांतून माझ्यात साठली होती. बाबांनी हाताने विणलेली सतरंजी अशी दिसली तर त्यांना काय वाटेल, असे तिच्या मनात आले असणार. आणि त्याच दिवशी बर्फ पडला होता. अंगण पांढरेशुभ्र.

मित्रांनो, इथेच चुकले. गावाकडच्या माणसालाच चुकता येईल असे चुकले. स्टॉकहोमवाला कधी सतरंजी बर्फात टाकणार नाही. योनाने अनेक महिने मोजून मापून पावले टाकली होती, पण पांढरे अंगण पाहून तिला घर आठवले आणि तिचे पाय आपोआप चालू लागले. तिने मला खांद्यावर घेतले, अंगणात उपडी टाकली आणि वर बर्फ लोटू लागली.

तो बर्फ आमच्याकडचा नव्हता. समुद्राकाठचा, जेमतेम गोठलेला, ओलाचिंब बर्फ. घासला की त्याचे पाणी होत होते आणि ते पाणी मी पीत होते. माझ्या सगळ्या चिंध्या गच्च झाल्या. योनाला कळेपर्यंत उशीर झाला होता. ती मला उचलायला गेली आणि गुडघ्यावर आली. भिजलेली सतरंजी म्हणजे काय भार असतो, ते ज्याने उचलली आहे त्याला विचारा.

तेवढ्यात तळमजल्यावरचे दार उघडले आणि एक म्हातारा फाटक्या स्वेटरमध्ये बाहेर आला. त्याचे नाव एवाल्ड.

"पोरी, हे काय मांडलंयस?"

"सतरंजी धुतेय."

"ते दिसतंय मला. पण कशात धुतेस? हा काय बर्फ आहे? हा नुसता पांढरा चिखल." मग जवळ येऊन त्याने मला उलटून पाहिले आणि हसला. "आमच्याकडचीच दिसतेस. उत्तरेची?"

योनाने श्वास आत ओढला. म्हातारा इतका खूश झाला की त्याला थंडीचेही भान राहिले नाही. साठ वर्षांपूर्वी तोही असाच कामाच्या शोधात खाली आला होता. तेव्हा कारखाने माणसे बोलावून घेत, राहायला जागाही देत, असे तो सांगत होता. पहिल्या हिवाळ्यात त्यानेही घरमालकिणीची सतरंजी बर्फात घातली होती आणि तिने आठवडाभर त्याचे तोंड पाहिले नव्हते. योना हसली. त्या शहरात ती अशी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"चल, वाळायच्या खोलीत नेऊ हिला. नाहीतर उद्यापर्यंत फळी होईल हिची," एवाल्ड म्हणाला.

योनाचे पाय जागीच थबकले. तळघरात जायचे नाही, हे तिला आठवले असणार. पण मला तशीच अंगणात टाकून जाणार कुठे? आणि एवाल्डने माझे एक टोक उचललेही होते.

तळघरात कपडे धुण्याची खोली आणि शेजारी गरम हवा सोडून कपडे वाळवायची. भिंतीवर एक फळा असतो, प्रत्येक बिऱ्हाडाची एक लहानशी कडी, ती ज्या वेळेवर लावाल ती वेळ तुमची. त्या वेळेत दुसऱ्याने पाऊल टाकणे म्हणजे आमच्या देशात दरोडाच. त्या वेळेवर कडी होती सोल्वेग नावाच्या बाईची. "ती काही खात नाही," एवाल्ड म्हणाला, आणि दोघांनी मिळून मला दांडीवर चढवले. माझ्यातून पाण्याच्या धारा लागल्या.

आणि सोल्वेग चादरींची टोपली घेऊन दारात आली.

"ही माझी वेळ आहे," ती म्हणाली.

"आहे गं, माहीत आहे. जरा सांभाळून घे. ही आपल्या तिसऱ्या मजल्यावरची पोरगी. माझ्याकडची आहे, उत्तरेची. नवी आहे, तिला काय ठाऊक इथलं." एवाल्डच्या आवाजात भाची मिरवावी तसा अभिमान होता.

"तिसऱ्यावर?" सोल्वेगने टोपली खाली ठेवली. "तिसऱ्यावर स्टेलान राहतो."

माझ्यातले पाणी तेवढे टपकत होते. मग सोल्वेगने योनाला सरळच विचारले, "तुम्ही तिथं राहता?"

मावसबहीण म्हणायचे होते. चार दिवसांसाठी आले म्हणायचे होते. तेवढेच शब्द होते, आणि ते तिने कितीदा तरी आरशासमोर म्हणून पाहिले होते. पण एवाल्डने तिला नुकतेच आपले म्हटले होते आणि ती बेसावध होती. तिने हवा आत ओढली. उत्तर गेले.

सोल्वेग ओरडली वगैरे नाही. ती हळू म्हणाली, "माझा लुद्विग अकरा वर्षं रांगेत उभा आहे. एकतीस वर्षांचा आहे आणि माझ्या बैठकीच्या खोलीत झोपतो. तुझ्यावर राग नाही माझा. पण रांग म्हणजे रांग." तिने टोपली उचलली आणि गेली. तिच्या सपाता टाचेकडे पार झिजलेल्या होत्या. मी तिला वाईट म्हणणार नाही. घरमालकाला फोन मात्र तिनेच केला.

दुसऱ्या दिवशी योना माझी ओल पाहायला तळघरात आली असताना स्टेलान तिथे आला. तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि दोन्ही तिला जमल्या नाहीत, असे तो म्हणाला. घरमालकाचा माणूस उद्या तपासायला येणार होता. तोवर खोलीत तिचा केससुद्धा दिसता कामा नये. योनाने महिन्याचे भाडे आधीच दिले असल्याचे सांगितले. कुठल्या कागदावर आहे ते दाखव, असे तो म्हणाला.

"मी जाऊ कुठं?" योनाने विचारले.

"मला काय विचारतेस? गाडी चालवतेस ना? झोप तिच्यातच."

तो गेल्यावर योना तिथल्या बाकड्यावर बसली. मग तिने केंटला फोन लावला. या वेळी नका येऊ बाबा, असे ती म्हणाली, जादा पाळ्या लागल्या आहेत, पुढच्या महिन्यात या. तिचा आवाज अगदी हसरा होता. फोन ठेवल्यावर तिने माझा कोपरा पिळला. अजून पाणी निघत होते. एकटीने मला खाली काढणेही तिला शक्य नव्हते, मग उचलून न्यायचे कुठले. तिने माझ्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ राहू दिला आणि सामान घेऊन गेली. वसंतापर्यंत कसेही करून टिकायचे, एवढेच तिच्या डोक्यात असणार. गावी परतली असती तर उमेदवारी संपली असती आणि पुन्हा संधी नव्हती.

मी वाळले. कुणी मला घेऊन जाईना, तेव्हा एवाल्डने मला घरी नेले आणि दाराशी अंथरले. पोरगी निरोपही न घेता गेली, म्हणून तो माझ्यापाशी कुरकुरला. तो एकटाच राहत असल्याने मोठ्याने बोलायची त्याला सवय होती. सोल्वेगने काय केले ते त्याला नंतर कळले आणि मग तो कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही. पण योनाचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

आणि एका दुपारी तीच दारात उभी राहिली.

सतरंजी न्यायला आले, असे ती म्हणाली. पण मित्रांनो, सतरंजी न्यायला येणारा दोरी घेऊन येतो. तिच्या हातात दोरी नव्हती. तिने बूट काढले आणि माझ्यावर पाय ठेवला. मोजे चिंब ओले होते. आतला पाय थंडगार, सुजलेला, आणि त्याला कुबट लाकडाचा, ओल्या मातीचा वास येत होता. शहराबाहेर लोकांचे भाजीपाल्याचे लहान वाफे असतात, त्यांत लाकडी खोपटी असतात आणि हिवाळ्यात ती ओस पडलेली असतात. हे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळले की हा पाय घरात झोपलेला नाही. मला जीभ असती तर मी त्या क्षणी किंचाळले असते.

एवाल्डला फार आनंद झाला. त्याने कॉफी केली, चीजचे तुकडे टाकले, तिच्या नोकरीची चौकशी केली. थोडेच आठवडे उरलेत, असे ती म्हणाली, परीक्षक चांगला आहे.

"राहतेस कुठं?" त्याने विचारले.

"एका मैत्रिणीकडे."

"जागा आहे ना पुरेशी?"

तिने श्वास आत ओढला, पण अर्धाच. एवाल्ड घुटमळला. मग म्हणाला, "नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात बाक आहे. ओढला की झोपण्याइतका होतो. राहा हवं तर."

"नको, नको. उगाच कशाला तुम्हाला त्रास."

आता ऐका. आमच्या गावात कुणी काही देऊ केले की आधी नको म्हणायचे असते. पहिल्या हाकेला हो म्हणणे म्हणजे हावरेपणा. मग यजमान आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, यजमान पुन्हा आग्रह करतो, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाहुणा म्हणतो, बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर. त्यात सगळ्यांची अब्रू राहते. योना तशीच वाढली होती. तिचे ते 'नको' हे उत्तर नव्हतेच, ती नुसती सुरुवात होती.

एवाल्डही तसाच वाढला होता. पण त्याला साठ वर्षे झाली होती शहरात. तरुणपणी कारखान्यातल्या एका सोबत्याला त्याने जेवायचा आग्रह केला, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, "एकदा नको म्हटलेलं समजत नाही का तुला?" सगळे हसले होते. शहरात नको म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणे. एवाल्ड हे शिकला आणि पक्के शिकला.

"बरं," तो म्हणाला.

योनाचे पाय हलले नाहीत. ती माझ्यावर उभी होती, कोटाची गुंडी लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. मला तिचा सगळा भार जाणवत होता. एवाल्ड कप धुवायला वळला होता. नळ चालू होता. ती आणखी थोडी थांबली.

मग तिने बूट चढवले. "सतरंजी राहू द्या इथंच," ती म्हणाली. "जागा मिळाली की नेईन."

ती गेली. मग एवाल्डने स्वयंपाकघरातला बाक ओढून लांब केला, त्यावर चादर घातली, उशी ठेवली. न जाणो, असे पुटपुटला. कित्येक दिवस तो बाक तसाच होता आणि त्याला अडखळत तो स्वयंपाक करत होता. त्याच दिवसांत थंडी एकदम वाढली. अंगणातला ओला बर्फ गोठून दगड झाला.

केंट आला तेव्हा वळचणीचे पाणी गळू लागले होते. दाराशी त्याने बूट काढले आणि माझ्यावर पाऊल ठेवताच मी ते ओळखले. त्यानेही मला ओळखले, कारण तो काही न बोलता खाली बसला आणि माझ्यावरून हात फिरवला. मग त्याने सांगितले. खोपटाचा मालक पाण्याचा नळ फुटला का बघायला आला, तेव्हा योना आत तापाने फणफणलेली सापडली. पायांतले बूट कित्येक दिवस ओले होते आणि मग ते गोठले. रुग्णालयात डाव्या पायाची तीन बोटे काढावी लागली. उमेदवारीत इतके दिवस गैरहजर राहिलेल्याला ठेवत नाहीत, त्यामुळे तिकडचे काम संपले होते. तो तिला घरी न्यायला आला होता. सतरंजी कुठे आहे ते तिनेच सांगितले होते.

एवाल्ड भिंतीला धरून उभा होता. "मी तिला म्हटलं होतं," तो म्हणाला. "इथं राहा म्हणून म्हटलं होतं मी तिला."

केंटने मान वर केली. "कितीदा?"

केंट मला गुंडाळू लागला. त्याने दोरी आणली होती. एवाल्ड म्हणाला, निदान कॉफी तरी घ्या. केंट म्हणाला, नको. एवाल्ड म्हणाला, थोडीशी, लगेच होते. केंट नको म्हणाला. एवाल्ड पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, बसा हो, अर्धाच कप घ्या. केंटने बूट घातले, मला खांद्यावर घेतले आणि बाहेर पडला. अंगणात येईपर्यंत मागून म्हाताऱ्याचे विचारणे ऐकू येत होते.

आता मी ग्रानलिडेनला योनाच्या पलंगाशी असते. सकाळी ती उठते, उजवा पाय माझ्यावर टेकवते, मग पलंगाची कड धरून डावा. तो अजून नीट बसत नाही. दिवसभर ती फारशी बोलत नाही. केंट स्वयंपाकघरातून खायला काय हवे ते विचारतो, काही नको म्हणते, आणि तो विचारत राहतो.

मित्रांनो, सतरंज्या झटका, जपा, ओल्या बर्फात घालू नका, हे सांगायला मी बोलायला बसले नाही. मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या दाराशी कुणी ओल्या मोज्यांनी उभे राहून नको म्हणाले, तर पुन्हा विचारा. नाक खुपसता म्हणून लोक हसतील, हसू देत. आणखी एकदा विचारा. त्या दुपारी मी तिच्या पायाखाली होते, मित्रांनो. ती थांबली होती.